एकशे अठराची चाल

फळ्यावर पहिलं गीत एकसष्ट होतं. मंडळींनी पुस्तकं उघडली, पानं चाळल्याची सळसळ झाली, आणि पेटीबाईंनी पायपेटीवर एकशे अठराची चाल धरली.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सुतारमामा तेवढे उठले. त्यांचे बूट जन्माचे करकरणारे; बाकापासून भिंतीपर्यंतची आठ पावलं सगळ्या चर्चला मोजता यायची. त्यांनी फळ्याच्या खाचेतून लाकडी सहा आणि एक काढले, कोटाच्या खिशातून एक, एक आणि आठ काढून त्या जागी सरकवले आणि करकरत परत येऊन बसले. तोवर पेटीवर चाल एकदा वाजून झाली होती. मंडळींनी पानं उलटली आणि पहिल्यापासून हेच ठरलं होतं अशा थाटात गायला सुरुवात केली.

पेटीबाईंची सून शेवटच्या बाकावर होती. तिच्या मांडीवर चार महिन्यांची ठकू गाढ झोपली होती. तरी सुनेनं तिला खांद्यावर घेतलं, "शू शू, रडू नाही हं," असं त्या झोपलेल्या पोरीला समजावलं आणि बाहेर व्हरांड्यात आली. हे नाटकही आता सगळ्यांना पाठ झालं होतं. ठकूनं उभ्या आयुष्यात चर्चमध्ये एकदाही भोकाड पसरलं नव्हतं, पण 'पोर रडकी आहे बाई' असा तिचा लौकिक होता.

हे असं चाललं त्याला आठ महिने झाले होते.

सुरुवातीला चूक लहान असायची. फळ्यावर तेवीस, तर पेटीवर बत्तीस. पहिल्या खेपेला मंडळी बावचळली. अर्धे जण तेवीस गाऊ लागले, अर्धे थांबले, आणि पेटीबाई मान वर करून गोंधळून बघू लागल्या. तेव्हा सुतारमामा उठले, फळ्यापाशी गेले आणि आकडे फिरवून मोठ्यानं म्हणाले, "माफ करा हं. मीच उलटे लावले होते."

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून चर्चचा रिवाजच पडला. पेटीबाई वाजवतील ते गीत, आणि फळा त्यांच्या मागून चालणार. तीस-पस्तीस डोकी, बारा बाकं, वर पत्रा. एवढ्याशा चर्चमध्ये एखादी गोष्ट ठरवायला बैठक लागत नाही.

मग हळूहळू बाकीची गीतं गळत गेली आणि एकशे अठरा उरलं. उपासनेच्या सुरुवातीला तेच, शास्त्रपाठानंतर तेच, शेवटीही तेच. शिवणकाम करणाऱ्या काकू एकदा निघताना म्हणाल्या, "आज आपण तीनदा एकाच गावाला जाऊन आलो, आणि तिथं भेटलं कोणी नाही." बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली, कारण मागे सून उभी होती.

अडचण आकड्यांचीही झाली. आकड्यांच्या खोक्यात एकचे चारच होते आणि आठचे दोन. एकशे अठरा तीन वेळा लावायचं तर सहा एक लागतात. सुतारमामांनी दोन नवे एक आणि एक नवा आठ कापून आणले. जुने आकडे वर्षानुवर्षं हाताळून काळपट पडलेले, आणि हे नवे कोऱ्या लाकडाचे. फळ्यावर ते तिघे लांबूनही ओळखू यायचे.

एकशे अठरा हे दफनाचं गीत होतं.

पेटीबाई एकेचाळीस वर्षं पेटी वाजवत होत्या. त्यांचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा धड सांगता आलं नसतं. गावातल्या किती पोरींना त्यांनी पेटी शिकवली, पण शिकलेली एकेक पोर लग्न होऊन नाहीतर नोकरीपायी गेली. मागे राहिली पेटी आणि पेटीबाई. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, "मुलगी रंगानं कशी, उंचीनं कशी, मला विचारू नका. पट्टी कुठली ते विचारा. काळी चार सहज लावते!" आणि खरंच, सून आली त्या वर्षी मंडळींचं गाणं पत्र्याला भिडायचं.

दोन वर्षांपूर्वी तिला पहिला मुलगा झाला. तो नऊ दिवस जगला.

त्याची पेटी सुतारमामांनी केली. एका काखेत मावेल एवढीच होती ती, पण त्यांनी ती दोन्ही हातांवर धरून आणली. आणि पायपेटीवर बसल्या स्वतः आजी. दुसरं होतं कोण? एकशे अठराची पाचही कडवी त्यांनी वाजवली, एक सूर हलला नाही. घरी येऊन त्यांनी सगळ्यांसाठी चहा केला आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. लोक न बोलता प्यायले. दुःख आहे, चालायचंच, असं सगळ्यांना वाटलं.

त्या दिवसापासून सून चर्चमध्ये गायली नाही. पुस्तक उघडून उभी राहायची, ओठ हलवायची, एवढंच.

आता व्हरांड्यात ती ठकूला थोपटत उभी होती आणि बंद दारातून ती ओळ झिरपत होती. 'सांज झाली, चल घरी.' बाहेर सकाळचे साडेनऊ वाजले होते.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब तिच्यापाशी आले. वयानं तिच्याएवढेच असतील. चार गावची चार चर्च त्यांच्याकडे होती, मोटारसायकलवर एका रविवारी दोन गावं, दुसऱ्या रविवारी दोन. हेल्मेट त्यांच्या हातातून कधी सुटत नसे.

"ताई, बाळाच्या बाप्तिस्म्याचं. मी आता पंधरा दिवसांनी येईन, तेव्हा करू या का?"

"चालेल."

"सहा वर्षांनी या चर्चमध्ये बाप्तिस्मा होतोय. लोक आनंदात आहेत." त्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "गीत तेवीस असतं. बाप्तिस्म्याचं. म्हणजे, फळ्यावर तेवीस असेल."

सुनेनं ठकूचं दुपटं नीट केलं.

"माझ्या मोबाईलवर त्याची चाल आहे. एक स्पीकर आणतो. दिसायला एवढासा, पण आवाज दणदणीत. पेटीबाईंना त्या दिवशी आजी म्हणून पुढच्या बाकावर बसवू. त्यांचा मानही राहील."

"त्यांना कोण सांगणार?"

हेल्मेट पुन्हा पहिल्या हातात गेलं. "तुम्ही घरच्या आहात. तुम्ही म्हणाल तसं करू."

घरी नवरा अंगणात हात धूत होता. पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं त्याचं काम. नखांतलं काळं रविवारीही निघत नसे, पण तो चिकाटीनं घासायचा. सुनेनं त्याला पाळकसाहेबांचं बोलणं सांगितलं.

"आईला पेटीवरून उठवायचं?" तो म्हणाला.

"उठवायचं असं मी म्हणत नाहीये."

"मग काय?"

"मग ठकूला त्या गाण्यावर पुढं न्यायचं का? तुम्हीच सांगा."

तो घासत राहिला. डॉक्टरांनी आईसाठी गोळ्या दिल्या होत्या आणि निघताना त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे उतरणीचं दुखणं आहे, चढण यात नाही. तेव्हा घरी येऊन तो एवढंच म्हणाला होता, "मोटर असती तर उघडून तरी बघितली असती."

"तू ठरव," तो आता म्हणाला.

"वा! साहेब म्हणतात तुम्ही ठरवा, तुम्ही म्हणता तू ठरव. मीच बरी सापडले."

"मला नाही गं जमत." त्यानं वर पाहिलं. हातावरून फेस ओघळत होता. "त्या दिवशी ती वाजवत होती ना, मी तिच्या पाठीकडे बघत उभा होतो. पाठ जराही हलली नव्हती तिची. ती पाठ तिथून उठव म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू?"

दोन वर्षांत त्या दिवसाविषयी तो पहिल्यांदा बोलला होता. तिला त्याच्यावर रागवायचं होतं, ते राहूनच गेलं.

पुढच्या आठवड्यात ती ठकूला घेऊन काकूंकडे गेली, बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झबल्याचं माप द्यायला. काकूंचं शिवणयंत्र खिडकीत, आणि काकूंच्या तोंडात नेहमीप्रमाणे टाचण्या. त्या टाचण्यांतूनच बोलायच्या, आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा.

"नवं कापड आणलंय हं. घरातलं एक पांढरं होतं शिल्लक, पण ते नाही घेतलं," काकू म्हणाल्या. ते शिल्लक कुठल्या झबल्याचं, हे दोघींनाही माहीत होतं. "हात वर कर गं ठके. बघ कशी अकडते! आजीवर गेलीय."

"काकू, जरा गुरुवारचं विचारू? ह्यांना सुतारमामांच्या कारखान्यावर बोलावलंय म्हणे. मोटर बिघडली का त्यांची?"

काकूंनी तोंडातून एकेक करून टाचण्या काढल्या. सगळ्या काढल्या. म्हणजे गोष्ट मोठी होती.

"तुला सांगायचं नाही असं ठरलंय. तेव्हा मी सांगितलं असं म्हणू नकोस. गुरुवारी संध्याकाळी आम्ही सगळे तिथं जमतो. भुशात उभे राहून गातो. नाकात जातो मेला भुसा, दोन ओळींमागे एक शिंक."

"काय गाता?"

"सुतारानं माप काढलंय. तेवीस आणि एकशे अठरा, दोन्ही फळ्या एका लांबीच्या निघाल्या. ऐक." काकूंनी यंत्रावर बोटानं ठेका धरला आणि गुणगुणल्या, "सांज झाली, चल घरी. आता हे बघ. बाळ आले, घे उरी. बसतंय की नाही? पाचच्या पाच कडवी बसतात. एका ठिकाणी जरा कुरकुरतं, तिथं आम्ही ओढून घेतो. पेटीबाईंना वाजवू दे त्यांचं ते. आम्ही शब्द तेवीसचे म्हणणार. फळाही तेवीसच राहील, सुतार उठणारसुद्धा नाही. पोरीचे शब्द पोरीला मिळाले, पेटीबाईंची पेटी पेटीबाईंना."

सून ठकूच्या बाहीतली टाचणी बघत राहिली.

"आणि मी?" ती म्हणाली.

"तू काय?"

"शब्द बदलून काय होतं, काकू? मला ते शब्दांशिवायच ऐकू येतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत, मला एका शब्दानं कोणी विचारलं नाही."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

तिनं तोंड उघडलं. साहेबांचा स्पीकर हवा, असं म्हणायचं, तर डोळ्यांसमोर सासूबाईंचे रिकामे हात येत. नको म्हणायचं, तर ती चाल येई. कितीतरी वेळ तिचं तोंड तसंच उघडं राहिलं, आणि ठकूनं त्यात बोट घातलं.

"बघ," काकू म्हणाल्या. "आमचंही तेच झालं गं. आम्हाला दुसरं काही सुचलं नाही."

शनिवारी दुपारी चर्च झाडायचं काम सासू-सुनांचं. सून बाकांखालून केर काढायची आणि सासूबाई पेटीच्या पट्ट्या पुसायच्या. ओलं फडकं घट्ट पिळून डावीकडून एकेक पट्टी. पाय लावलेला नसल्यामुळे पेटी मुकी असायची, नुसता पट्ट्या दबल्याचा टकटक आवाज. ठकू बाकावर दुपट्यात हातपाय झाडत होती.

आज सांगायचंच, असं सून घरून ठरवून आली होती. स्पीकर, पुढचं बाक, आजीचा मान. सगळी वाक्यं तिनं जुळवून ठेवली होती. केरसुणी भिंतीला टेकवून ती पेटीजवळ गेली.

"आई, उद्याचं जरा बोलायचं होतं."

"मलाही," सासूबाई म्हणाल्या. फडकं थांबलं. त्यांची नजर आज स्वच्छ होती, पूर्वी असायची तशी. अशा वेळा आता फार थोड्या येत. "खरं सांगशील? माझं वाजवताना काही चुकतं का गं?"

"कुठं काय?"

"सुताराचे बूट वाजतात. मी सुरू केलं की सुताराचे बूट वाजतात. आधी वाटायचं, त्याला खोकल्याची उबळ येते, बाहेर जात असेल. पण तो भिंतीकडे जातो. आणि मग सगळे पानं उलटतात." त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "कुठं चुकलं ते मात्र मला आठवत नाही. मला तर सगळं बरोबरच ऐकू येतं."

सुनेनं जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"तुमचं नाही चुकत," ती म्हणाली. "सुतारमामाच आकडे उलटे लावतात. वय झालं ना त्यांचं."

"माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे तो."

"तरी."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. पटलं की नाही, कळलं नाही. "उद्या चुकायचं नाही मला," त्या म्हणाल्या. "ठकूचं आहे. कुठलं गीत?"

"तेवीस."

"तेवीस. पाठ आहे मला. तुझ्या नवऱ्याच्या बाप्तिस्म्यालाही मीच वाजवलं होतं, हा मांडीवरून घसरायला बघत होता." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "कुठलं म्हणालीस?"

"तेवीस, आई."

त्यांनी बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि मुक्या पेटीवर वाजवायला लागल्या. टक, टक-टक, टक. सूर नव्हताच. पण तिसऱ्या पट्टीपाशी अंगठा बोटांखालून वळून पुढे गेला, आणि कुठलं गीत ते सुनेला कळलं. तेवीसमध्ये अंगठा तिथं वळत नाही. तिनं वर पत्र्याकडे पाहिलं आणि सासूबाईंचं पाचवं कडवं संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

सासूबाईंना घरी सोडून ती सुतारमामांच्या कारखान्यावर गेली. त्यांना एवढंच म्हणाली, "मामा, उद्या तुमच्या बुटांचा आवाज नको. आई त्यावरून ओळखतात." मामांनी पायांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की आपण उगीच बोललो असं तिला वाटलं.

रविवारी चर्च भरलं होतं. शेजारच्या गावची दोन कुटुंबं आली होती. पाळकसाहेबांनी स्पीकर आणलाच होता. तो व्यासपीठाच्या कडेला, रुमालाखाली. सुनेनं मान हलवून नको म्हटलं होतं, पण तो काढूनही ठेवला नव्हता. सुतारमामा आपल्या जागी बसले होते, आणि त्यांचे पाय मोज्यांत होते. बूट दाराबाहेर, शेजारी शेजारी.

त्या दिवशी बाकीची गीतं पेटीशिवाय झाली. पेटीबाईंना ठकूसाठी राखून ठेवलं, असं साहेबांनी सांगितलं आणि त्यांना ते आवडलं. सकाळपासून त्या हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. ज्या मुलीची पहिल्यांदा परीक्षा असते ती अशी बसते.

मग साहेब म्हणाले, "गीत तेवीस. आईवडिलांनी बाळाला घेऊन पुढे यावं."

नवरा आणि ती पुढे आली. पाण्याचं पात्र पेटीपासून दोन हातांवर होतं. आज तिला व्हरांड्यात जायला जागा नव्हती. ठकू झबल्यात जागी, टकटकीत डोळ्यांनी पत्र्याकडे बघत होती.

मंडळी उभी राहिली. कोणी पुस्तक उघडलं नाही. सगळ्यांना पाठ होतं.

पेटीबाईंनी पाय मारला. भाता भरला. पहिला सूर आला, दुसरा आला, तिसऱ्यावर अंगठा वळला. एकशे अठरा. मंडळींनी श्वास घेतला. आणि पेटीबाई थांबल्या.

त्यांनी मान जराशी तिरकी केली. त्या ऐकत होत्या.

बुटांचा आवाज आला नाही. चर्चमध्ये कुठलाच आवाज नव्हता. त्यांनी पुन्हा तेच तीन सूर वाजवले, पुन्हा थांबल्या, पुन्हा कान दिला. चुकलं असेल तर आता आठ पावलं ऐकू यायला हवी होती. नसेल चुकलं तर मंडळींनी गायला हवं होतं. मंडळी त्यांची वाट बघत होती आणि त्या बुटांची. सुनेला हे सगळं कळलं, आणि हे आपण केलं तेही कळलं. सुतारमामांनी उठायला बाक धरलं, आपल्या मोज्यांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसले.

पेटीबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. मग हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले. पाय मात्र चालूच राहिले. वर-खाली, वर-खाली. पेटीतून नुसती हवा जात होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

ज्या चालीच्या धास्तीनं ती पंधरा दिवस झोपली नव्हती, ती आता वाजत नव्हती. आणि ती वाजावी, कशीही वाजावी, एवढंच तिला वाटत होतं. मांडीवरचे ते दोन हात तिला बघवेनात. तिच्या कुशीत पोर होतं, तिला सासूबाईंना हातही लावता येत नव्हता.

पाळकसाहेब रुमालाकडे वळले.

"बाळ आले," सून गायली.

सूर फार वर लागला होता. दोन वर्षांचा गंज चढलेला आवाज, पहिल्याच ओळीत फाटला. "घे उरी." चाल एकशे अठराची. दुसऱ्या ओळीला काकू आल्या, मग सुतारमामा, मग भुशात उभे राहून शिकलेले सगळे. एवढ्या वरच्या पट्टीत पुरुषांचे गळे ताणले जात होते, पण कोणी खाली उतरलं नाही. नवऱ्याला गाता येत नाही. तो तिच्या कानाशी एकाच सुरात शब्द म्हणत होता. तिसऱ्या कडव्यात जिथं कुरकुरतं तिथं सगळ्यांनी ओढून घेतलं. तोंडात एक ओळ आणि कानात दुसरी, अशी ती गात राहिली. आपण यातलं नेमकं काय म्हणतोय, कोणासाठी म्हणतोय, हे चौथ्या कडव्यापर्यंत तिला सांगता आलं नसतं. पेटीबाईंचे पाय बरोबर ठेक्यात पडत होते. पाठ ताठ होती, हलत नव्हती.

पाचवं कडवं संपलं तेव्हा पाय थांबले, बरोबर शेवटच्या मात्रेला.

साहेबांनी ठकूच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं. ती रडली नाही. तिला एक शिंक आली, आणि कोणीतरी हसलं.

उपासना संपल्यावर लोक दाराशी रेंगाळले. चहाची किटली फिरत होती, ठकू या हातातून त्या हातात जात होती. सासूबाई सुनेचा दंड धरून हळूहळू पायऱ्या उतरल्या. त्यांचे गाल लाल झाले होते.

"कसं वाजलं गं?"

"छान वाजलं, आई."

"तू गायलीस. मी ऐकलं. वरची पट्टी धरलीस, पण मी सांभाळून घेतलं."

"हो ना. तुम्ही होतात म्हणून."

"चुकले नाही ना कुठं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं, जसं काही ही घरातलीच गोष्ट होती, बाहेर कळायला नको. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आज सुताराचे बूट वाजले नाहीत."

खालच्या पायरीवर सुतारमामा बूट घालायला बसले होते. एक पायात होता. दुसरा हातात धरून ते तसेच बसून राहिले. पेटीबाई शेजारून निघून फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांनी तो काही पायात घातला नाही.